पीएचडीवाल्यांची चहा-बैठक: वेळ, स्लाइड आणि गाइड यांचं काय करावं?

गिरणाकाठ:
जळगावला विद्यापीठाच्या आवारात, कॅन्टीनच्या बाकड्यांवर, दर गुरुवारी संशोधक विद्यार्थ्यांची बैठक सुरू करायची आहे. एकाने काम सांगायचं, बाकीच्यांनी विचारायचं. सेमिनारचा थाट नको. रसायन, मराठी, संगणक, सूक्ष्मजीवशास्त्र असे सगळे एकत्र बसणार, साधारण २५ जण. वेळ किती? स्लाइड असाव्यात का? गाइडना बोलवावं का?

पांझरा_पार:
बोलणं १५ मिनिटं, प्रश्न २५ मिनिटं. उलटं केलंत की झालाच सेमिनार. पूर्ण झालेलं काम मागू नका, अडलेलं मागा. "माझे निष्कर्ष" म्हटलं की माणूस सहा महिने तारीख देत नाही. "इथे गाडी अडली आहे" म्हटलं तर पुढच्याच गुरुवारी तयार होतो.

गाइड आले तर मागे बसू द्या आणि पहिली दहा मिनिटं प्रश्न फक्त विद्यार्थ्यांचे, हे आधीच सांगून ठेवा. सर पुढच्या रांगेत बसले की पोरं प्रश्न गिळतात.

संध्याकाळ टाळा. विद्यापीठ बांभोरीला, गिरणेपलीकडे हायवेवर, गावातून येणाऱ्यांचं लक्ष पाचनंतर घड्याळाकडेच असतं. चारला सुरू, पावणेपाचला बंद. मार्चनंतर तीही वेळ विसरा, ४३-४४ अंशांत पत्र्याखाली कोण बसतं? सकाळी आठला घ्या. बोलणारे मात्र कायम तीन आठवडे पुढचे ठरलेले हवेत. एक जण ऐनवेळी गळाला आणि गुरुवार रिकामा गेला की पुढच्या वेळी निम्मे येत नाहीत.

वाफसा:
स्लाइड नकोतच. एक फळा आणि एक आलेख, ए-थ्री कागदावर छापलेला, मधल्या टेबलावर. लाईट गेली तरी अडत नाही.

उदाहरण घ्या. केळीच्या खोडाचा धागा सोडियम हायड्रॉक्साइडच्या (कॉस्टिक सोड्याच्या) कमी-जास्त तीव्र द्रावणात भिजवला की तो किती ताण सोसतो, असा आलेख आहे. बोलणाऱ्याने पहिली दोन मिनिटं फक्त अक्ष सांगायचे: आडवं काय, उभं काय, एकेक टिंब किती धाग्यांची सरासरी. ५ टक्क्यांपर्यंत रेष चढते आणि पुढे उतरते, कारण आधी लिग्निन-हेमिसेल्युलोज (धाग्यातला चिकटवणारा भाग) निघतं आणि द्रावण तीव्र झालं की सेल्युलोजलाच (ताण सोसणाऱ्या मुख्य भागालाच) मार बसतो. एवढं मराठीवाल्यालाही कळतं. मग तोच विचारतो, "धागे खोडाच्या बाहेरच्या सोपटाचे (थराचे) की आतल्या?" बाहेरचा जाड, आतला बारीक, दोन्ही एकाच सरासरीत घातले तर आलेखाला अर्थ काय? दुसरा विचारतो, जाडी कुठे मोजली? धागा काही गोल नळी नसतो. व्यासात १० टक्के चूक झाली तर क्षेत्रफळात २१ टक्के, आणि ताणशक्ती त्याच क्षेत्रफळाने भागून काढलेली. असे दोन प्रश्न निघाले की त्या दिवसाची बैठक वसूल.

भाषेचं बंधन नको. आपली मराठी, मधे इंग्रजी शब्द, चालू द्या. लघुरूपं मात्र पहिल्यांदा फोडून सांगायची.

गिरणाकाठ:
सोपटाचा मुद्दा पटला. एकीचं काम पेटंटजोगं आहे, तिने सांगावं का? आणि २५ जणांना चहा किती लागेल?

तापीचं_पाणी:
ताई, आधी अर्ज, मग गप्पा. पेटंटला काम नवीन लागतं, चारचौघांत सांगितलेलं त्या नावीन्याच्या आड येऊ शकतं. आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ३१ मध्ये १२ महिन्यांची सवलत आहे, पण ती अधिसूचित प्रदर्शन किंवा विद्वत्सभेपुढे वाचलेला निबंध अशा मोजक्याच बाबतींत. कॅन्टीनच्या बाकड्यांना विद्वत्सभा ठरवत बसायची वेळ येऊ देऊ नका. प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज टाकला की पूर्ण अर्जाला १२ महिने मिळतात. मात्र त्यात जेवढं लिहिलंय तेवढंच सुरक्षित, बैठकीत त्यापुढचं बोलू नये. फळ्याचे फोटो व्हॉट्सॲपवर टाकायचे नाहीत, हा नियम सगळ्यांनाच लावा. सर्वेक्षण असेल तर शेतकऱ्यांची नावं आणि गट नंबर आलेखावर नकोत.

पांझरा_पार:
चहा १०० मिलीच्या कपाने. ३० कप धरा, दुसऱ्यांदा मागणारे असतातच. दूध दीड लिटर, पाणी पावणेदोन (आटतं), साखर पाव किलो, पावडर ७० ग्रॅम, आलं ४० ग्रॅम. आलं किसून आधी पाण्यात चार-पाच मिनिटं खळखळ उकळा. कच्चं आलं थेट दुधात पडलं तर त्यातलं प्रथिनं तोडणारं विकर (एन्झाइम) दूध फाडतं. सूक्ष्मजीवशास्त्रवाल्याला विचारा, त्याचा पहिला गुरुवार त्यावरच निघेल.

वाफसा:
डिसेंबरात एक गुरुवार भरिताचा ठेवा भो. माणशी पाव किलो वांगी, कपाशीच्या काड्यांवर भाजलेली. त्या दिवशी मात्र आधी आलेख, मग भरीत.