अल्कोहोल इंक: गुलाबी आणि हिरवा मिळून चिखल होतोय, शिवाय घरात वास आणि देवघर, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी नेरूळला राहते, महिनाभर झाला अल्कोहोल इंक (अल्कोहोलमधले पातळ रंग, थेंब टाकून हवेने पसरवायचे) शिकतेय, क्लास वगैरे नाही, व्हिडिओ बघून आपलं आपणच. डोक्यात एकच चित्र आहे, मे महिन्यात इथल्या डीपीएस तळ्यावर फ्लेमिंगो बघितले तेव्हाचं. पक्षी काढायचेच नाहीयेत मला, नुसता तो गुलाबी, मागे तिवरांची हिरवी रेघ आणि खाली ओहोटीचं करडं पाणी, बस. ताईने उलव्याला फ्लॅट घेतलाय, नवरात्रात वास्तुशांत आहे, ती आता खाडीच्या पलीकडे जाणार आणि आमची दोघींची तळ्यावरची फेरी बंद होणार, म्हणून तिला हेच द्यायचंय, दुसरं काही नाही.

युपो पेपर (पाणी न शोषणारा प्लास्टिकचा गुळगुळीत कागद) आणलाय पण तो महाग, म्हणून बाथरूमच्या उरलेल्या पांढऱ्या चकचकीत टाइल्सवर सराव करते, जमलं नाही की अल्कोहोलने पुसून परत तीच टाइल. इथपर्यंत छान चाललंय. पण गुलाबी शेजारी हिरवा टाकला की पाच सेकंदांत दोन्ही एकमेकांत शिरतात आणि सगळं मातकट तपकिरी होतं, दर वेळी! आणि व्हिडिओत कडेला जी बारीक गडद रेघ येते ना, पाकळीच्या कडेसारखी, ती माझ्याकडे येतच नाही, कडा नुसत्या भिजलेल्या दिसतात. केमिस्टकडून ७० टक्केवालं आयसोप्रोपिल आणलंय, एकदा ते संपलं म्हणून सॅनिटायझर वापरला तर वर चिकट थर राहिला. दोष अल्कोहोलचा की माझ्या हाताचा?

आता मुख्य काळजी. वन बीएचके आहे, पावसामुळे खिडक्या बंद, सासूबाईंना दमा आहे आणि देवघर हॉलमध्येच, जमिनीलगत. परवा मी टेबलावर बाटली उघडी ठेवून बसले होते आणि आईंनी चार हातांवर निरांजन लावलं. मी झटकन झाकण लावलं, पण नंतर बराच वेळ हात कापत होते. त्यांची दिवाबत्ती मी थांबवणार नाही. मग मी कुठे आणि कधी बसू? एन ९५ मास्क लावला तर वासाला चालतो का? आणि शेवटी वरून व्हार्निश कोणतं, कारण ब्रशने लावलं तर सगळा रंग ब्रशबरोबर ओढला गेला 😞

खाडीकाठ (ठाणे): ताई, आधी दिव्याचं. आयसोप्रोपिलची वाफ साधारण १२ अंशालाच पेट घेण्याइतकी होते, म्हणजे आपल्याकडे बारा महिने, आणि ती हवेपेक्षा जड असल्याने खाली जमिनीलगत सरकते, तुमचं देवघर नेमकं तिथेच आहे. त्यामुळे हॉल नकोच. दिवा, उदबत्ती, गॅस सगळं बंद असताना, खिडकी उघडी टाकून दुसऱ्या खोलीत, आईंना त्या वेळी बाहेर पाठवून. एन ९५ धूळ अडवतो, वाफ नाही, त्याला ऑरगॅनिक व्हेपरची, म्हणजे अशी वाफ शोषणारी, कार्ट्रिज असलेला मास्क लागतो. रंग पसरवायला हेअर ड्रायर नको, त्याची कॉइल तापते, त्यापेक्षा कॅमेऱ्याची धूळ उडवायचा रबरी फुगा घ्या, मी तोच वापरते आणि हवेवर ताबाही जास्त राहतो.

हात चांगला आहे तुमचा, ७० मध्ये उरलेलं पाणीच असतं, ते हळू वाळतं म्हणून कडा मऊ पडतात. ९९ टक्के आणा, झाकण लगेच लावत जा, पावसाळ्यात ते हवेतली ओल खेचतं. सॅनिटायझरमध्ये बहुतेक वेळा ग्लिसरीन असतं, तो चिकटपणा त्याचाच.

चिखलाचं कारण म्हणजे गुलाबी आणि हिरवा समोरासमोरचे रंग, मिसळले की करडा-तपकिरीच होणार. गुलाबीला जांभळा किंवा निळा शेजार द्या. हिरवा अगदी वरच्या कडेला एकच थेंब, आणि दोघांमध्ये दोन बोटं कोरी जागा सोडा. वाळल्यावर पण जपून, नवा थेंब खालचा थर परत उठवतो. ओहोटीचं पाणी हवंय ना, मग खालच्या कडेला दोन्ही रंग मुद्दाम भेटू द्या, तो करडा खाडीचाच आहे.

व्हार्निश स्प्रेचं घ्या, लांबून पातळ पातळ थर, शेवटी यूव्हीवाला, कारण या इंकमधले रंग उन्हात उडतात. पण आत्ताच्या दमट हवेत मारू नका, पांढरट धुरकट होतं. चार कोरडे दिवस मिळेपर्यंत थांबा. आणि ताईला सांगा, बाल्कनीसमोरच्या भिंतीवर लावू नको.

धागाकर्ती: खूप खूप आभार! ९९ टक्के आणलं. आई सकाळी दहाला खालच्या कट्ट्यावर जातात तेव्हा बेडरूममध्ये बसले, त्या यायच्या आत सगळं बंद करून पंखा लावून ठेवला. आठव्या टाइलवर कडा आली, अगदी बारीक, गडद गुलाबी. हिरवा अजून खाली उतरतोय, टाइल जरा तिरकी धरू का?

खाडीकाठ (ठाणे): तिरकी नको, सपाटच ठेवा. हिरव्यात अल्कोहोल कमी घाला, आणि फुग्याने खालून वर हवा मारा.