फोनवरचा रेटिना कॅमेरा आत्ताच सगळीकडे द्यायचा की आधी नीट तपासायचा?

माणदेशी:
मुंबई महापालिकेच्या दवाखान्यांत फोनला जोडलेला फंडस कॅमेरा (डोळ्याच्या आतल्या पडद्याचा, म्हणजे रेटिनाचा, फोटो काढणारा) आणि नेटशिवाय चालणारा एआय वापरून शुगरच्या पेशंटचे डोळे तपासले होते, 2019 ला त्याचा पेपर आला. पुढे डॉक्टरकडे पाठवायलाच हवी अशी रेटिनोपॅथी (शुगरमुळे पडद्याला झालेली इजा) असलेला एकही पेशंट सुटला नाही. आनंदच आहे, पण लोक होते सव्वादोनशेच्या आसपास. आमच्या आईचं शिबिरात काय झालं, तर मोतीबिंदूमुळे फोटो धुरकट, तीनदा फ्लॅश मारला, शेवटी चिठ्ठीवर "पुढे दाखवा". कुठे, कधी, काही नाही. असे न आलेले फोटो निकालात मोजल्याशिवाय हे मशीन सगळीकडे वाटू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

सुईधागा:
अजिबात पटलं नाही. आईंना निदान पुढे जा असं कुणीतरी सांगितलं. माझ्या बाबांना 15 वर्षं शुगर, डोळ्याचा पडदा एकदाही कुणी बघितला नाही, कारण दुखत नाही, दिसतंय चांगलं, मग कोण जातंय तालुक्याला? धूसर दिसायला लागलं तेव्हा आत रक्त उतरलेलं, लेझर करूनही एक डोळा गेलाच. तुम्ही चाचण्या करत बसाल तोवर असे किती डोळे जातील?

पडदा_तपासनीस:
मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे म्हणून दोन गोष्टी. फ्लॅशने डोळा खराब होईल ही भीती सोडा, डोळ्यात किती प्रकाश टाकायचा याला आयएसओ 15004-2 या आंतरराष्ट्रीय मानकाची मर्यादा आहे आणि मशीन त्यावर तपासलेलं आहे का हे विकत घेतानाच विचारायचं. जपायचं ते बाहुली मोठी करायच्या थेंबांना, क्वचित एखाद्याचं डोळ्यातलं प्रेशर एकदम चढतं, आणि बाकीच्यांनाही काही तास अंधुक दिसतं, गाडी चालवत घरी जाऊ नका हे सांगायला माणूस पाहिजे. थेंब नको असतील तर बाहुली आपोआप मोठी व्हायला खोली अंधारी लागते. थायलंडमधे पडद्याचे फोटो तपासणारा गूगलचा एआय 11 क्लिनिकमधे लावला तेव्हा 1838 फोटोंपैकी 21 टक्के मशीनने नाकारले, एक मोठं कारण उजेड! लॅबमधे तेच मशीन उत्तम चालत होतं.

माणदेशी:
बघा, दर पाचातला एक फोटो. त्या माणसाचा रोज बुडतो, एसटीचं भाडं जातं, आणि परत बोलावलं तर तो येत नाही. सुईधागा, बाबांचं वाचून खरंच वाईट वाटलं, पण अशांनाच हे मशीन "फोटो आला नाही" म्हणून घरी पाठवणार असेल तर?

सुईधागा:
मग काळा पडदा लावा ना खिडकीला, आणि फोटो नाही आला तर त्याच दिवशी डॉक्टरची तारीख हातात द्या. तपासणी चालू ठेवूनच हे मोजता येतं, त्यासाठी थांबायची काय गरज?

माणदेशी:
तारीख हातात देणार असतील तर माझा निम्मा विरोध इथेच संपला. उरलेला निम्मा, ती तारीख पाळली गेली का हे कोण लिहून ठेवणार?