पोटॅशियम गळतंय कुठून?

‘शोग्रेन्समध्ये पोटॅशियम सारखं कमी येतं, सिरप घेतलं की झालं’ असं एका चर्चेत वाचलं. शोग्रेन्स म्हणजे रोगप्रतिकारशक्ती शरीराच्याच, मुख्यतः अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींवर उलटते तो आजार. सिरप हवंच, पण गळती कुठून होतेय ते नको का बघायला? या आजारात रोगप्रतिकारशक्ती मूत्रपिंडातल्या नलिकांवरही उलटू शकते. मग त्यांना आम्ल बाहेर टाकता येत नाही: रक्त आम्लाकडे झुकतं, तरी लघवीचा पीएच (आम्लतेचं माप; जितका कमी तितकं आम्ल जास्त) ५.५ च्या खाली येत नाही, आणि पोटॅशियम वाहून जातं. क्रिएटिनिन (किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढणारा टाकाऊ पदार्थ) मात्र सुरुवातीला नॉर्मल असू शकतं, त्यामुळे ‘किडनी ठीक’ म्हणून फाईल बंद! घोळ इथेच होतो.

शिवाय पोटॅशियम दीर्घकाळ बरंच खाली राहिलं, तर त्यानेच नलिकांच्या पेशींत पोकळ्या पडतात, पुढे पाण्याच्या गाठी होतात आणि जखम भरल्यावर राहतात तसे घट्ट व्रण. लघवी घट्ट करण्याची ताकद जाते. सतत तहान, रात्री लघवीला पुन्हा पुन्हा उठणं हे सगळं सरसकट वयावर ढकलू नका.

उपचारात क्रम महत्त्वाचा. रक्तातलं आम्ल कमी करणारं बायकार्बोनेट आधी दिलं तर पोटॅशियम पेशींत शिरून रक्तात आणखी घसरतं. म्हणून पोटॅशियम फारच कमी असेल तर आधी ते भरून काढतात. क्रिएटिनिन वाढलेलं असताना मनानेच पोटॅशियमचा डोस वाढवणं मात्र धोक्याचं, तेव्हा उलट पोटॅशियम चढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात.