मदत हवी आहे: भोगीचा बेत १ जानेवारीला, पण ओला हरभरा मिळेल का?

नमस्कार मंडळी. आम्ही सांगलीत, विश्रामबागला असतो. मुलगा, सून आणि नात नाताळच्या सुट्टीत पुण्याहून येतायत. संक्रांतीला काही जमणार नाही म्हणाले. ३१ला रात्री केक कापतीलच, कापू देत. मला मात्र नवीन वर्षाच्या पहिल्या दिवशी घरात भोगीचं जेवण करायचंय: तीळ थापलेली बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा, मुगाची खिचडी आणि ती मिसळीची भाजी.

सासूबाई म्हणतात, "भोगी संक्रांतीच्या आदल्या दिवशीच गं, आधी कसली?" बरोबरच आहे. नैवेद्य १३ जानेवारीलाच दाखवू, हे नुसतं जेवण. तेवढ्यावर त्या गप्प बसल्यात, राजी झाल्यात असं नाही!

अडचण भाजीची आहे. कृष्णाकाठची वांगी, गाजर, पावटा यांची चिंता नाही. पण सोलाण्याशिवाय ती भाजी मला भोगीची वाटतच नाही. डिसेंबरअखेर घाट्यांत दाणा भरलेला असतो का? की सोलल्यावर आत पोकळच निघतं? मिरज-तासगावकडं कुणाच्या रानात लवकर पेरलेला हरभरा असेल तर सांगा, डहाळे विकत घ्यायला येऊ. वाटाणा घाला असं कृपया सुचवू नका.

आणखी एक. त्या दिवशी सकाळी सगळ्यांना हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमावर न्यायचंय. सासूबाईंचे गुडघे दुखतात. संगमेश्वराच्या देवळाच्या किती जवळ गाडी जाते हल्ली?