मदत हवी आहे: बाबा एक्स्प्रेसवेवर उजवी लेन सोडतच नाहीत

नमस्कार मंडळी,

बाबा 68 वर्षांचे. लायसन्स 1981चं, आजवर गाडीला साधा ओरखडाही नाही, आणि अडचण नेमकी तीच आहे. काही सांगायला गेलं की "तू मला शिकवणार?" पुढे बोलणं खुंटतं.

दर पंधरा दिवसांनी आईला घेऊन चिंचवडहून पनवेलला ताईकडे जातात. किवळ्याला एक्स्प्रेसवेवर चढले की गाडी थेट उजव्या लेनमध्ये, ती पनवेल येईपर्यंत तिथेच. वेग 75-80. मागचा डिपर मारून मारून थकतो आणि शेवटी डावीकडून घुसतो. बाबा म्हणतात, "लिमिट शंभरची, मी ऐंशीवर. चूक त्याची."

सवय कुठून आली तेही मला कळतं. सगळी नोकरी बार्शी-तुळजापूर पट्ट्यात फिरतीची. तिथे डाव्या कडेला बैलगाड्या, उसाच्या ट्रॉल्या, शेळ्या, तुटलेली साइडपट्टी. रस्त्याच्या मधोमध चालवणारा तो शहाणा! "डावीकडे ट्रकमागे रांगत बसू का?" असं विचारतात तेव्हा मलाही उत्तर सुचत नाही, कारण घाटात दोन कंटेनर एकमेकांशी गोगलगायीची शर्यत लावतात ते आपण सगळेच बघतो.

गेल्या महिन्यात मी सोबत होतो. खंडाळ्यानंतर उतार लागला आणि बाबांनी गाडी न्यूट्रल केली. पेट्रोल वाचतं म्हणे. पाय मात्र सारखा ब्रेकवर. अर्ध्या घाटात जळका वास सुटला. "पुढच्या ट्रकचा असेल," बाबा म्हणाले. खाली पंपावर थांबलो, पुढच्या चाकाजवळ हात नेला तर धग लागली. आईने दारावरचं हँडल धरलं होतं, गाडी थांबली तरी सोडलेलं नव्हतं.

गाडी काढून घेणं हा उपाय सुचवू नका, ते होणार नाही. त्यांना न दुखावता हे दोन मुद्दे कसे पटवू?

पहिला प्रतिसाद (घाटउतार): न्यूट्रलचं पेट्रोलवरूनच पटवा. ते कार्ब्युरेटरच्या काळातलं गणित आहे. आताच्या गाडीत गिअर टाकलेला असताना अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजेक्टर पेट्रोल बंद करतो. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जाळावंच लागतं. म्हणजे काका उलट खर्च करतायत! शिवाय इंजिनाची ओढ गेली की सगळा भार ब्रेकवर, आणि ते तापले की पकडत नाहीत. जुने ड्रायव्हर सांगायचे तेच सांगा: ज्या गिअरात घाट चढतो त्याच गिअरात उतरायचा.

दुसरा प्रतिसाद (मधली लेन): त्यांना डावीकडे पाठवूच नका. डावी जड वाहनांची, उजवी ओव्हरटेकची. ऐंशीची गाडी मधल्या लेनची. ट्रक आडवा आला तर उजवीकडून काढायचा, तो आतल्या आरशात पूर्ण दिसला की परत मध्ये. डावीकडून घुसणारा आरशात न दिसणाऱ्या कोपऱ्यातून येतो. त्याच क्षणी काकांनी डावीकडे घेतलं तर चूक कोणाची हे ठरवून काय उपयोग? आणि आता कॅमेरे आहेत, लेनचं चलान मोबाइलवर येतं. मुलाचं न ऐकणारे आमचे वडील चलानचं ऐकतात.

धागाकर्ता: दोघांचे आभार. पेट्रोलचा मुद्दा आज जेवताना काढतो, तो लागू पडेल असं वाटतंय. चलानचं अवघड आहे, मेसेज माझ्याच मोबाइलवर येतात आणि आतापर्यंतची दोन मी गुपचूप भरली आहेत. यापुढे त्यांच्या नंबरवर वळवू का? कोणी केलंय का असं?