जॉश गिब्सनचा आकडा लागला, पण ग्रीनली फील्डचं काय?

मुठा_ते_मोनोंगाहेला
मी पिट्सबर्गात राहतो, बेसबॉल इथे येऊनच शिकलो. मे २०२४ मध्ये मेजर लीगने (अमेरिकेतली बेसबॉलची सर्वोच्च लीग) निग्रो लीगचे, म्हणजे तिथे प्रवेश नसलेल्या काळ्या खेळाडूंच्या जुन्या लीगांचे, आकडे अधिकृत नोंदीत घेतले आणि त्या लीगांमधला फलंदाज जॉश गिब्सन कारकिर्दीतल्या .३७२ च्या फलंदाजी सरासरीने जुन्या विक्रमवीर टाय कॉबला मागे टाकून पहिल्या नंबरावर बसला. तेव्हापासून आमच्या ग्रूपवर ‘न्याय झाला’चं पालुपद चालू आहे. मला नाही पटत. तक्त्यात नाव घातलं आणि शहर सुटलं, एवढंच झालंय.

शनिवारी हिल डिस्ट्रिक्ट या काळ्यांच्या जुन्या वस्तीत बेडफर्ड अ‍ॅव्हेन्यूवर गेलो होतो. गस ग्रीनलीने काळ्या खेळाडूंच्या आपल्या क्रॉफर्ड्स संघासाठी १९३२ साली इथे स्वतःच्या खिशातून मैदान बांधलं, तेच ग्रीनली फील्ड. शहरातल्या मेजर लीग संघाचं, पायरेट्सचं, फोर्ब्ज फील्ड भाड्याने मिळायचं, पण काळ्या खेळाडूंना तिथली कपडे बदलायची खोली बंद! गिब्सन, सॅचेल पेज, कूल पापा बेल, ऑस्कर चार्ल्सटन, ज्युडी जॉन्सन हे पाचजण या एका संघात. १९३८ मध्ये मैदान पाडलं. आज खूण म्हणून एक फलक.

आणि फोर्ब्ज फील्ड? त्याची होम प्लेट (फलंदाज जिच्याजवळ उभा राहतो ती पाटी) युनिव्हर्सिटीच्या इमारतीत काचेखाली फरशीत बसवलीय. पोरं हातात कॉफी घेऊन तिच्यावरून वर्गात जातात. बाहेर जुन्या भिंतीचा तुकडा जपलाय, तिथे दर १३ ऑक्टोबरला पायरेट्सच्या मॅझरॉस्कीचा १९६० चा, वर्ल्ड सिरीज जिंकून देणारा होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखा फटका) साजरा करायला लोक जमतात.

बाय_लेगबाय
आकड्यांना नावं ठेवू नका राव. माझ्या दहा वर्षांच्या मुलाने फोनवर यादी उघडली, सगळ्यात वर गिब्सन. ‘बाबा, हा कोण?’ पुढचा अर्धा तास मी बोलत होतो. हे काम तुमच्या फलकाने केलं असतं? तो वाचायला आधी बेडफर्ड अ‍ॅव्हेन्यूवर जावं लागतं.

स्कोअरबुकवाला
पण तो आकडा त्याला लहानच करतो की. लीगचे सामने मोजके, बाकी वर्षभर गावोगाव फिरून खेळणं. ते यात धरलेलंच नाही. हॉल ऑफ फेममधल्या (बेसबॉलच्या थोरांचं मानाचं दालन) त्याच्या पाटीवर ‘जवळपास ८०० होमरन’ आहे, अधिकृत नोंदीत दोनशेही भरत नाहीत. आता पुढची पिढी कुठला आकडा पाठ करणार?

बाय_लेगबाय
ज्याचा स्कोअरकार्डवर पुरावा आहे तो. नाहीतर सगळ्या ऐकीव कथाच. चेंडू स्टेडियमबाहेर गेला, नदीत पडला, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावात झेलला गेला…

कोल्हापुरी_पिचर
मैदानाबद्दल एवढं हळवं व्हायचं कारण नाही. ते पाडून तिथे गरिबांसाठी सरकारी घरं बांधली. हिलमध्ये घरांची केवढी गरज होती! आणि संघ आधीच फुटला होता. १९३७ मध्ये डॉमिनिकन हुकूमशहा त्रुहियोने डॉलर दाखवले आणि पेज, गिब्सन, बेल तिकडे खेळायला गेले. शिवाय ग्रीनली म्हणजे कोण संत? नंबर्सचा धंदा करायचा. आपल्या भाषेत मटका. त्याचं मैदानच आकड्यावर उभं होतं, आणि तुम्ही आकड्यावर चिडताय!

मुठा_ते_मोनोंगाहेला
हा हा, मान्य. घरांचंही मान्य, त्या कुटुंबांच्या जागी मी असतो तर मीही घरच मागितलं असतं. पण याच मटकेवाल्याने १९३३ मध्ये शिकागोत ईस्ट-वेस्ट सामना सुरू केला, काळ्या बेसबॉलमधला वर्षातला सगळ्यात मोठा. त्याला संत करू नका, पण गाळूही नका.

राहता राहिली पुतळ्यांची गोष्ट. पायरेट्सच्या आताच्या मैदानाच्या, पीएनसी पार्कच्या दारात २००६ मध्ये गिब्सन, पेज वगैरेंचे पुतळे बसवले, २०१५ मध्ये काढले. इथे घरांची निकड नव्हती ना?

कोल्हापुरी_पिचर
हे माहीत नव्हतं. याला उत्तर नाही माझ्याकडे.

स्कोअरबुकवाला
मग हेही घ्या. गिब्सन २० जानेवारी १९४७ ला पिट्सबर्गातच गेला, वय ३५. काळ्यांना मेजर लीगचं दार उघडून देणारा जॅकी रॉबिन्सन तिथे उतरला त्याच वर्षी एप्रिलमध्ये. आणि गिब्सनच्या कबरीवर १९७५ पर्यंत साधा दगड नव्हता. हॉल ऑफ फेमने त्याला १९७२ मध्येच घेतलं होतं, म्हणजे तीन वर्षं पाटी तिकडे आणि इकडे नुसतं गवत.

बाय_लेगबाय
बघा, आधी नोंद झाली, मग दगड आला. माझंच म्हणणं सिद्ध झालं की.

मुठा_ते_मोनोंगाहेला
वकील व्हा तुम्ही. रविवारी गिब्सनच्या कबरीवर, अ‍ॅलेगेनी सिमेट्रीत जातोय, बटलर स्ट्रीटच्या फाटकातून. गाडीत तीन जागा आहेत, मुलालाही आणा.