मदत हवी आहे: सोनोग्राफीत ४, एफएनएसीतही ४, तरी निदान नाही?

वैतागलेला_कोथरूडकर:
आईच्या गळ्यात गाठ. सोनोग्राफीत टायरॅड्स ४, एफएनएसीत, म्हणजे सुईच्या तपासणीत, बेथेस्डा ४. सर्जन म्हणतात, अर्धी थायरॉइड काढू, मगच कळेल. अहो, सुई घालून पेशी काढल्यात ना? मग कळत का नाही? जाड सुईने बायोप्सी का नाही करत? दुसरा सल्ला कुठे घ्यावा? लवकर सांगा, गुरुवारी अ‍ॅडव्हान्स भरायचाय.

चहाबाज:
गाठ केवढी? टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) किती? आईंचं वय? सगळं पोटात ठेवून सल्ला कसा मागता?

मंजिरी_पेठेतली:
माझ्या जावेने सहा महिने कांचनार गुग्गुळ घेतलं, गाठ विरघळली. चिरफाडीची घाई नको.

काचवाली:
ताई, जावेची पाण्याची गाठ असेल, तशा आपोआपही बसतात.
मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. हे दोन ४ एकमेकांचे कोणी नाहीत. सोनोग्राफीतला ४ गाठीच्या दिसण्याचा: काळपट आहे का, कडा कशा, आत चुन्याचे कण आहेत का. त्यावरून सुई घालायची का ते ठरतं. ४ ला साधारण दीड सेंमीपासून. दुसरा ४ बेथेस्डाचा, सुईने काढलेल्या पेशींच्या दिसण्याचा. त्याच्या पायऱ्या सहा, चौथी फॉलिक्युलर निओप्लाझम, म्हणजे साधी किंवा कॅन्सरची असू शकणारी गाठ. यात साध्या गाठीच्या आणि कॅन्सरच्या पेशी सारख्याच दिसतात. पेशी कवच फोडून बाहेर गेल्यात का, रक्तवाहिनीत शिरल्यात का, फरक तेवढाच. नारळाच्या डोळ्यातून काडी घालून खोबरं चाखलंत, तर करवंटीला पलीकडे तडा आहे का ते कळेल? जाड सुईतही कवचाचा जेमतेम एखादा तुकडा येतो. त्यासाठी अख्खी गाठच काढून तपासावी लागते.

मंजिरी_पेठेतली:
अनुभव सांगायचीही चोरी झाली!

नाना_निवृत्त:
थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घ्यावी. चहा अर्ध्या तासाने.

चहाबाज:
नाना, गोळीचं कोणी विचारलंय?

खडूस:
ऑपरेशन चालू असतानाच फ्रोझन (काढलेला तुकडा गोठवून लगेच तपासणं) करायला सांगा. मेव्हण्याचं तसंच केलं, टेबलावरच निकाल.

काचवाली:
मेव्हण्यांचं पॅपिलरी, म्हणजे थायरॉइडच्या कॅन्सरचा वेगळा प्रकार, असणार. फॉलिक्युलरला फ्रोझन बहुतेकदा 'नंतर सांगू' म्हणतं. घाईत कवचाचे दोनचार काप बघून होत नाही.

वैतागलेला_कोथरूडकर:
२.८ सेंमी, टीएसएच नॉर्मल, वय ६१. आधी लिहायला हवं होतं, चुकलं. नाना, आईला गोळी नाहीये.

काचवाली:
टीएसएच कमी असता तर आधी थायरॉइडचा स्कॅन सांगितला असता, तो प्रश्न मिटला. आता दुसरा सल्ला काचांचाच घ्या. लॅबकडून मूळ स्लाइड, म्हणजे पेशी लावलेल्या काचा, मागा आणि दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवा. रिपोर्टची झेरॉक्स नको. तिसऱ्या पायरीची चौथी, चौथीची दुसरी (म्हणजे साधी गाठ) झालेली पाहिलीय. आणि डबीतूनच न्या. परवा एकांनी रुमालात गुंडाळून आणल्या, नेमकी पेशींवालीच फुटली.

खडूस:
लॅब लक्ष्मी रोडला असेल तर गाडी नेऊ नका. उचलतात.

वैतागलेला_कोथरूडकर:
काचा परत मिळतात हेच माहीत नव्हतं. तिथलीच आहे लॅब. उद्या रिक्षाने जातो.